अपेंडिक्स आणि अजिंक्यपद

९ सप्टेंबर २०२२, शुक्रवार. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकवर सरावाच्या पहिल्या तासात निक डे व्रीस अॅस्टन मार्टिनच्या हिरव्या गाडीत बसला होता. नियमित ड्रायव्हरच्या जागी तासभर गाडी फिरवायची, अभियंत्यांना हवी ती माहिती द्यायची आणि उतरायचं, एवढंच काम. ते झालं. शनिवारी सकाळी विल्यम्स संघाच्या अॅलेक्स अल्बनच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. काही तासांत डे व्रीस विल्यम्सच्या निळ्या गाडीत. एक तास सराव, मग पात्रता फेरी, तिच्यात तेरावा नंबर. इंजिनबदल वगैरे कारणांवरून नऊ ड्रायव्हरांना ग्रिडवर मागे जायची शिक्षा झालेली, त्यामुळे रविवारी तो आठव्या जागेवरून सुटला. फॉर्म्युला वनची आयुष्यातली पहिली शर्यत, कालच हाती आलेली गाडी, पाठीला रांगेने चिकटलेले प्रतिस्पर्धी. तरी नववा आला. दोन गुण. प्रेक्षकांनी ‘आजचा सर्वोत्तम ड्रायव्हर’ म्हणून त्यालाच मतं दिली.

विल्यम्सची दुसरी गाडी पंधरावी आली. ती चालवत होता निकोलस लतिफी, संघाचा कायमचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी फॉर्म्युला टूच्या मोसमात डे व्रीस पहिला आला होता, लतिफी दुसरा. त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये एकाच नवख्याला जागा मिळाली, आणि ती दुसऱ्या नंबरला. पहिल्या नंबरला २७व्या वर्षी, कुणाचं तरी पोट दुखल्यावर, बदली कामगार म्हणून एक रविवार मिळाला.

आणि त्या एका रविवाराने सगळं पालटलं. महिनाभरात अल्फाटाउरी संघाने २०२३ साठी त्याला करारबद्ध केलं. कार्टिंगची दोन जागतिक अजिंक्यपदं, फॉर्म्युला रेनोची दोन, फॉर्म्युला टूचं एक, फॉर्म्युला ईचं जागतिक अजिंक्यपद, एवढं सगळं पदरात असताना जे दार उघडलं नव्हतं ते ५३ फेऱ्यांच्या एका शर्यतीने उघडलं. ही गोष्ट सांगताना ‘अखेर गुणवत्तेला न्याय मिळाला’ असा सूर लावण्याचा मोह होतो. पुढे जे झालं ते पाहता तो सूर टिकत नाही. दहा शर्यतींनंतर, २०२३ च्या जुलैत, त्याला काढलं.

मग खरं काय? बारा वर्षांच्या निकालांची वही, मॉन्झाचा एक दिवस, की अल्फाटाउरीतले ते चार महिने? या लेखाचं म्हणणं असं की वहीच खरी होती, आणि ती कुणी नीट वाचलीच नाही. ना त्याला जागा नाकारणाऱ्यांनी, ना देणाऱ्यांनी.

डे व्रीस या आडनावाचा अर्थ ‘फ्रीजियन’, म्हणजे नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातला माणूस. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांच्या जातकुळीतलं. निक खरोखरच तिथला, स्नेक शहराजवळच्या एका छोट्या गावात ६ फेब्रुवारी १९९५ रोजी जन्मलेला. स्नेक हे तळी, कालवे आणि शिडाच्या होड्यांचं गाव. हिवाळ्यात पाणी गोठलं की स्केट्स निघतात. फ्रीसलंडमधल्या अकरा शहरांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची बर्फावरची शर्यत इथली; स्नेक त्या अकरांपैकी एक. ही शर्यत दरवर्षी होत नाही. सगळ्या मार्गावर पंधरा सेंटिमीटर जाडीचा बर्फ साचला तरच होते. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. निक तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. तेव्हापासून फ्रीसलंडमध्ये तयारी करून बसलेली एक आख्खी पिढी प्रौढ झाली, बर्फ काही पुरेसा साचला नाही. शर्यतीच्या गाड्यांच्या धंद्यात अशीच तयारी करून बसलेली माणसं ढिगाने सापडतात, फरक इतकाच की तिथे वाट पाहायचेही पैसे पडतात.

कार्टिंगमध्ये हा मुलगा त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी होता, यावर वाद नाही. २०१० आणि २०११, लागोपाठ दोन वर्षं जागतिक विजेता. त्याआधीच मॅक्लारेनने त्याला आपल्या तरुण ड्रायव्हरांच्या योजनेत घेतलं होतं. याच योजनेतून लुईस हॅमिल्टन वर आला होता. पंधराव्या वर्षी मॅक्लारेनचा शिक्का बसला म्हणजे पोराचं कल्याण झालं, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढची शिडी अशी. कार्टमधून उतरून एका आसनाच्या, उघड्या चाकांच्या लहान गाड्यांत यायचं. मग त्याहून ताकदवान, मग त्याहून. डे व्रीसच्या काळात त्या पायऱ्या होत्या फॉर्म्युला रेनो २.०, मग जीपी-थ्री, तिच्याहून वर फॉर्म्युला रेनो ३.५, आणि शेवटी जीपी-टू. तिचंच नाव २०१७ पासून फॉर्म्युला टू. शिडी म्हटलं की डोळ्यांसमोर भक्कम, भिंतीला टेकवलेली वस्तू येते. ही शिडी तशी नाही. २०१५ साली डे व्रीस फॉर्म्युला रेनो ३.५ मध्ये उतरला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. पाठोपाठ रेनोने या मालिकेतून हात काढून घेतला. नाव बदलून ती दोन वर्षं चालली आणि २०१७ नंतर बंद पडली. कुबित्सा, मॅग्नुसन, साइन्झ ज्या पायरीवरून वर गेले ती पायरीच निखळली. २०१६ ला डे व्रीस कुठे गेला? एक पायरी खाली, जीपी-थ्रीत. तिथे सहावा. शार्ल लक्लेर पहिला, अल्बन दुसरा.

आता ती वही उघडून वाचू. फॉर्म्युला रेनो २.० च्या युरोकपमध्ये पहिलं वर्ष २०१२, दहावा. दुसरं वर्ष, पाचवा. तिसऱ्या वर्षी विजेता, आणि त्याच वर्षी आल्प्स मालिकेतही विजेता. फॉर्म्युला टूत पहिलं वर्ष २०१७, मोनॅकोत एक शर्यत जिंकून शेवटी सातवा. मोसमाच्या मध्यात संघही बदललेला. दुसरं वर्ष, चौथा. तिसऱ्या वर्षी विजेता. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईत पहिल्या मोसमात अकरावा, दुसऱ्यात जगज्जेता. हा योगायोग म्हणायचा तर फार शिस्तीचा योगायोग आहे. हा माणूस नव्या गाडीत आला की बहुधा वर्षभर चाचपडतो, दुसऱ्या वर्षी पाय रोवतो आणि मग कुणाला ऐकत नाही. त्याच्या हुशारीची जात ही आहे. गवयांत जसे काही पहिल्या आवर्तनात मैफल मारतात आणि काहींचा गळा तासाभराने तापतो, तसं.

तापल्यावर तो काय करतो याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१९, पुन्हा मॉन्झा. आठवडाभरापूर्वी, ३१ ऑगस्टला, बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्युबेरचा मृत्यू झाला होता. बावीस वर्षांचा, आदल्या वर्षीचा जीपी-थ्री विजेता, या सगळ्यांच्या रोजच्या उठबशीतला. हुआन मॅन्युएल कोरेया त्याच अपघातात गंभीर जखमी. सात दिवसांत तीच मुलं तशाच गाड्यांत, तितक्याच वेगाच्या ट्रॅकवर. पात्रता फेरीनंतर डे व्रीसच्या गाडीतून तपासणीसाठी इंधनाचा नमुना काढायला गेले तर पुरेसं इंधनच शिल्लक नव्हतं. नियम कडक: वेळ रद्द, सगळ्यात मागे. अजिंक्यपदाच्या ऐन भरात शेवटच्या रांगेतून सुरुवात. इथे धसमुसळेपणा करणारे पहिल्याच वळणावर गुंततात. मॉन्झाचं पहिलं वळण सरळसोट वेगातून एकदम चिंचोळ्या बोळात शिरतं. डे व्रीसने टायर जपले. फॉर्म्युला टूचे पिरेली टायर मुद्दाम लवकर झिजणारे असतात. जो सुरुवातीला पिळतो त्याला शेवटी भोगावं लागतं, आणि ते ओळखायला डोक्यापेक्षा बुडाखालची जाणीव लागते, मागचं चाक किती सरकतंय याची. शर्यत संपली तेव्हा तो तिसरा होता. तीन आठवड्यांनी रशियातल्या सोचीत मुख्य शर्यत जिंकून त्याने अजिंक्यपद खिशात घातलं.

या मालिकेत सगळ्यांची गाडी सारखी असते: डल्लाराची चासी, मेकाक्रोमचं टर्बो इंजिन, पिरेलीचे टायर. म्हणजे निकाल ड्रायव्हरचा, असं मालिकेचं ब्रीद. ते अर्धं खरं. गाडी सारखी असली तरी ती जुळवणारे हात सारखे नसतात, आणि चांगल्या संघातली जागा महाग असते. एका मोसमाला वीस लाख युरोच्या पुढे खर्च जातो असं पॅडॉकमध्ये सर्रास बोललं जातं.

आता अडचणीचा प्रश्न. तिसऱ्या वर्षी पहिला आला यात एवढं काय? एकाच वर्गात तीनदा बसून पहिला आलेला मुलगा आणि पहिल्या फटक्यात पहिला आलेला मुलगा यांत फॉर्म्युला वनच्या संघांनी फरक का करू नये?

ते करतात, आणि फार काटेकोरपणे करतात. जीपी-टू आणि फॉर्म्युला टूचे विजेते एका ओळीत मांडले तर चित्र आरशासारखं स्वच्छ दिसतं. पदार्पणातच जिंकलेले कोण? रोझबर्ग, हॅमिल्टन, ह्युल्केनबर्ग, लक्लेर, रसेल, पियास्त्री, बोर्तोलेतो. एकूण एक फॉर्म्युला वनमध्ये गेले. उशिरा जिंकलेल्यांचं काय झालं? दाविदे वाल्सेक्की २०१२ चा विजेता, फाबियो लाइमर २०१३ चा. दोघांनीही फॉर्म्युला वनची एकही शर्यत पाहिली नाही. फेलिपे द्रुगोविच २०२२ चा, तेओ पुर्शेर २०२३ चा. तिसऱ्या पूर्ण मोसमात जिंकले, विजेते म्हणून मिरवले आणि बाकावर बसले. अपवाद आहेत, पण त्यांच्यामागे बहुधा एखादी कार कंपनी, एखादं आडनाव किंवा घसघशीत पुरस्कर्ता सापडतो. तेव्हा बाजाराचा नियम उघड आहे: अजिंक्यपदाला भाव नाही, अजिंक्यपदाच्या वयाला आहे.

२०१८ चा मोसम याच तराजूत तोलला गेला. पहिला जॉर्ज रसेल, दुसरा लँडो नॉरिस, तिसरा अल्बन, चौथा डे व्रीस. पहिले तिघे २०१९ ला थेट फॉर्म्युला वनमध्ये. त्या मोसमात नॉरिसने एकच शर्यत जिंकली, डे व्रीसने तीन. दोघंही मॅक्लारेनच्या एकाच तबेल्यातले. पण नॉरिस जवळपास पाच वर्षांनी लहान आणि फॉर्म्युला टूत नवखा. मॅक्लारेनने त्याला घेतलं. नॉरिसचं पुढे काय झालं ते जगाने पाहिलंय, त्यामुळे मॅक्लारेन चुकलं असं म्हणण्यात अर्थ नाही. निवड बरोबर होती. खटकतं ते वेगळंच. नॉरिस आला तेव्हा डे व्रीस त्या योजनेत सात वर्षं काढून बसला होता, आणि तो विजेता ठरला त्याच २०१९ मध्ये मॅक्लारेनशी त्याचं नातं संपलं.

लवकर चढणाऱ्याला शिडीची फारशी गरजच नसते, हे सिद्ध केलं दुसऱ्या एका डच मुलाने. मॅक्स व्हर्स्टाप्पेनने २०१४ साली युरोपीय फॉर्म्युला थ्रीचा एक मोसम केला, दहा शर्यती जिंकल्या आणि तिसरा आला. विजेता एस्तेबान ओकों. पुढच्या मार्चमध्ये, १७ वर्षं १६६ दिवसांचा असताना, मॅक्स फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर उभा होता. तेव्हा त्याच्याकडे रस्त्यावर गाडी चालवायचाही परवाना नव्हता. या प्रकाराने आंतरराष्ट्रीय महासंघ एवढा दचकला की २०१६ पासून नियम आला: वय किमान अठरा, साधा वाहन परवाना हवा आणि खालच्या मालिकांत मिळून चाळीस गुण जमवलेले हवेत. फॉर्म्युला टूत पहिल्या तिघांत आलं की चाळीस गुण एका झटक्यात. म्हणजे एकाने शिडी टाळली आणि त्याची भरपाई म्हणून बाकीच्यांवर शिडी सक्तीची झाली. ती सक्ती झाल्यावर सर्वांत वरच्या पायरीचं दुकान कसं चाललं असेल, हे सांगायला नको.

लवकर चढणाऱ्यांना शिडी एखाद-दोन वर्षं पुरते. हळू चढणारे तीन-तीन, चार-चार वर्षं तिथे असतात, दरवर्षी शुल्क भरतात, संघांचे पगार, ट्रक, टायर यांचा खर्च त्यांच्यावर निघतो. वीस-बावीस गाड्यांच्या ग्रिडमधून वर्षाला एक किंवा दोन जण वर जातात. म्हणजे ज्यांना वर घ्यायचं नाही असं बाजाराने आधीच ठरवलेलं असतं, त्यांच्याच पैशांवर ही परीक्षा चालते. त्यावर कळस म्हणजे फॉर्म्युला टूचा एक नियम: जो जिंकेल त्याला पुढल्या वर्षी या मालिकेत भाग घेता येत नाही. नव्यांना वाव मिळावा हा हेतू चांगला. परिणाम असा की दुसरा आलेला पुन्हा नशीब आजमावू शकतो, पहिला आलेला निर्वासित. वरचं दार बंद, खालचं दारही बंद, आणि हातात चषक.

पैशांचं म्हणाल तर डे व्रीसच्या बाबतीत ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २०१८ च्या मोसमासाठी त्याने एका डच गुंतवणूकदाराकडून अडीच लाख युरोचं कर्ज घेतलं होतं. डच वृत्तपत्रांत आलेल्या तपशिलानुसार अट अशी की व्याज तर द्यायचंच, शिवाय फॉर्म्युला वनमधून जी कमाई होईल तिचा निम्मा वाटा सावकाराचा. आणि २०२२ अखेर जागा मिळाली नाही तर उरलेलं कर्ज सोडून द्यायचं. मॉन्झाचा तो रविवार या मुदतीच्या आत पडला आणि अल्फाटाउरीतला मोसम मुदतीच्या बाहेर. तंटा होणारच होता. २०२३ च्या सुरुवातीला अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने कौल डे व्रीसच्या बाजूने दिला. खरं-खोटं न्यायालयाने पाहिलं. इथे नोंद घेण्याजोगी गोष्ट कराराची आहे. जागतिक दर्जाचा तेवीस वर्षांचा खेळाडू आपल्या उद्याच्या कमाईचा निम्मा हिस्सा आज गहाण टाकतो, तेही परीक्षेला बसायचं शुल्क भरायला. उभं पीक व्यापाऱ्याला विकून टाकण्यासारखंच हे, फक्त इथे पेरणीही अजून व्हायची होती.

मात्र ‘पैशाने गुणवत्तेला हरवलं’ ही सोपी गोष्टही पूर्ण खरी नाही. लतिफीच्या वडिलांची अन्नप्रक्रिया कंपनी, त्यांनी मॅक्लारेन समूहात केलेली मोठी गुंतवणूक, हे सगळं जगजाहीर आहे. पण लतिफीनेही २०१९ मध्ये चार शर्यती जिंकल्या होत्या, अगदी डे व्रीसइतक्याच. तोही उशिरा पिकलेला. दोघांत फरक एवढाच की एकाकडे वाट पाहण्याचं भाडं भरायला घर होतं.

हळू चढण्याच्या या सिद्धांताला खरं खिंडार पाडतो तो तिसरा एक डच माणूस, मास्ट्रिख्टचा रॉबिन फ्राइन्स. २०१० ला फॉर्म्युला बीएमडब्ल्यू युरोपचा विजेता. २०११ ला फॉर्म्युला रेनो २.० युरोकपचा. २०१२ ला फॉर्म्युला रेनो ३.५ चा. लागोपाठ तीन वर्षं, शेवटच्या दोन मालिका तर पदार्पणातच. याहून लवकर कोण पिकणार? २०१३ ला सौबर संघात राखीव ड्रायव्हर आणि जीपी-टूत तुटक-तुटक शर्यती, त्यातली बार्सिलोनाची मुख्य शर्यत जिंकलेली. मग पैसे संपले. फॉर्म्युला वनची एकही शर्यत त्याच्या नावावर नाही. डे व्रीसला निदान मॅक्लारेनचं छत्र होतं. फ्राइन्स कुठल्याच मोठ्या संघाच्या छत्राखाली वाढला नाही. तेव्हा वरचा नियम दुरुस्त करायला हवा: पदार्पणात जिंकणं लागतं, आणि ते कुणीतरी आधीच पैसे लावलेल्या माणसाने जिंकावं लागतं. फ्राइन्स पुढे फॉर्म्युला ईत शर्यती जिंकला, २०२१ ला ल मान्सला आपल्या वर्गात विजयी झाला. त्याला गाडी चालवता येत नव्हती, असं आता कुणी म्हणू शकत नाही.

चौथा डच हीडो फान डर गार्डे. त्याच्याकडे पैसा होता, सौबरचा करारही होता. २०१५ ला मेलबर्नमध्ये त्या कराराच्या जोरावर तो व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि संघाचा ड्रायव्हर मार्कस एरिक्सन याचा शर्यतीचा पोशाख अंगावर चढवून संघाच्या गॅरेजात जाऊन उभा राहिला. गाडी मात्र मिळाली नाही. शेवटी तडजोड झाली. न्यायालयाचा हुकूम हातात, दुसऱ्याच्या नावाचे कपडे अंगावर आणि समोर आपली नसलेली गाडी, हे दृश्य या खेळाच्या इतिहासात एकदाच दिसलं.

मुंबईकरांना ही कहाणी परकी वाटू नये. जेहान दारूवाला याच रांगेत उभा राहिलेला मुलगा. २०११ च्या फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून निवडलेला, २०१९ ला फॉर्म्युला थ्रीत तिसरा, मग २०२० ते २०२३ चार वर्षं फॉर्म्युला टूत. काही काळ रेड बुलचा शिक्काही होता. शर्यती जिंकल्या, जागा मिळाली नाही. आपल्याकडे त्याच्या बातम्या ‘फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावर’ अशा मथळ्यांनी येत राहिल्या. तो उंबरठा किती रुंद आहे आणि त्यावर किती जण वर्षानुवर्षं उभे असतात, हे त्या मथळ्यांत कधी आलं नाही.

अल्फाटाउरीकडे परत येऊ. २०२३ चा हंगामपूर्व सराव तीन दिवसांचा होता, संघाची गाडी एकच, म्हणजे ड्रायव्हरच्या वाट्याला दीड दिवस. एके काळी हे लोक महिनोन्महिने गाडी फिरवत. २००९ पासून मोसमातल्या चाचण्या जवळपास बंद झाल्या. म्हणजे शिकायचं ते शर्यतीतच, सगळ्या जगासमोर. गाडी मागच्या फळीतली. बाकूत भिंतीला धडक, कॅनडात मॅग्नुसनशी झटापट. दहा शर्यतींत शून्य गुण. सर्वोत्तम निकाल मोनॅकोत बारावा. सोबतचा युकी त्सुनोडा दोन गुणांवर होता आणि बहुतेक वेळा पुढे. संघाच्या जागी कुणीही असतं तर काळजीत पडलं असतं, हे मान्य. पण नेमताना त्यांच्यासमोर काय होतं? २०१२, २०१७, २०१९-२०: बहुतेक नव्या गाड्यांत पहिलं वर्ष फिकं. हे छापील होतं, कुणालाही दिसणारं. त्यांनी वाचलं ते मॉन्झा. ज्या माणसाचा सगळा इतिहास ‘थांबा, थोडा वेळ द्या’ असं सांगत होता, त्याला त्यांनी आल्या-आल्या धमाका करील म्हणून घेतलं आणि चार महिन्यांत सोडलं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला वेळ देणं त्यांना परवडत नव्हतं, तर त्याला घ्यायलाच नको होतं.

संघांची बाजू मांडणारे म्हणतील, फॉर्म्युला वनमध्ये वेळ हीच सगळ्यांत महाग वस्तू. हळू शिकणाऱ्याची तिथे जागा नाही. असेलही. मग निदान तसं स्पष्ट म्हणावं. फॉर्म्युला टूच्या गुणतक्त्याला पुढच्या वर्गाच्या निकालपत्रासारखं मिरवू नये. २०२४ चाच मोसम घ्या. विजेत्या बोर्तोलेतोचा सौबरशी करार अजिंक्यपद ठरण्याच्या महिनाभर आधीच जाहीर झालेला. मर्सिडीजने उचललेला किमी आंतोनेल्ली गुणतक्त्यात सहावा. हासने घेतलेला ऑलिव्हर बेअरमन बारावा. बेअरमनची निवड मूर्खपणाची होती असं अजिबात नाही. मार्च २०२४ ला जेद्दाहमध्ये फेरारीच्या गाडीत ऐनवेळी बसून अठराव्या वर्षी तो सातवा आला होता. त्या दिवशी फेरारीची जागा रिकामी का झाली? कार्लोस साइन्झला अपेंडिक्सचा त्रास झाला म्हणून.

शिडीने टाकून दिलेल्यांचं पुढे काय होतं, हेही तपासायला हरकत नाही. मॅक्लारेनने सोडलेला डे व्रीस आणि मॅक्लारेनने सोडलेला स्टोफेल फान्डोर्न, २०१५ चा जीपी-टू विजेता, हे दोघं मर्सिडीजच्या फॉर्म्युला ई संघात सहकारी झाले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या टेम्पलहोफ या जुन्या विमानतळावर डे व्रीस जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी फान्डोर्न. एकाच तबेल्याने नाकारलेल्या दोघांनी पाठोपाठ दोन जागतिक अजिंक्यपदं. नियमपत्रकात मात्र फॉर्म्युला ईच्या जगज्जेत्याला फॉर्म्युला वनच्या परवान्याचे तीस गुण आणि फॉर्म्युला टूत तिसऱ्या आलेल्याला चाळीस.

२०२४ पासून डे व्रीस दोन नोकऱ्या करतो. एक टोयोटाची, सहनशक्तीच्या लांब शर्यतींची. त्या वर्षी ल मान्सला त्याची गाडी दुसरी आली. दुसरी मुंबईच्या महिंद्राची, फॉर्म्युला ईमध्ये. महिंद्राकडे पहिल्या मोसमात त्याला एकदाही पहिल्या तिघांत येता आलं नाही, आणि तेव्हा कुणी त्याला काढलं नाही. दुसऱ्या मोसमात, २०२५ च्या मे महिन्यात तो मोनॅकोत दुसरा आला. जुलैअखेर लंडनमध्ये शेवटच्या दोन शर्यती होत्या. शनिवारी दुसरा आला, रविवारी पुन्हा दुसरा.